दाराकडे सरकून

नांदूरघाटहून केजला कॉलेजसाठी मी रोज मामांच्या जीपमधून जायचो. पुढच्या सीटवर आम्ही इतके जण कोंबलेले असायचो, की मामा दाराला चिकटून, अर्धे बाहेर लोंबकळत, तिरकेच गाडी हाकायचे. तरी फाट्यावर कुणी हात केला की ओरडायचे, "सरका बे, त्येला बी जायचंय!"

जीप कधीच मोडीत गेली. सत्तरी गाठलेले मामा परवा मला घेऊन शोरूमला गेले. त्यांना छोटी गाडी हवी होती. तिथला माणूस ॲव्हरेज सांगत होता. मामांनी मधेच विचारलं, "बसत्यात किती?"

"पाच, काका."

मामा माझ्याकडे बघून हसले. "पाच तर आपल्या पुढंच बसायचे."

घेतली मात्र तीच. "म्हातारपणी लई पेट्रोल पिणारी काहून पोसायची?"

येताना बघतो तर मामा दाराला चिकटून, तिरकेच. म्हटलं, "मामा, नीट बसा की. आता जागा हाय."

"बसतो की," म्हणाले आणि तसेच राहिले.

फाटा आला. मामांनी आपसूक गाडी हळू केली. मोटारसायकली भुर्रकन निघून गेल्या. हात कुणीच केला नाही.

तरी मामा आणखी जरासे दाराकडे सरकले.