बकुळाबाईंचं पोट

मिरकरवाड्याच्या मासळी बाजारात बकुळाबाई बावीस वर्षं मासे विकत आल्या आहेत. शेजारच्या ओट्यावर नणंद सोनूबाई. दोघींचं गिऱ्हाईक एक, भांडणं एक, दुपारचा डबाही एकच. पाच वर्षांपूर्वी सोनूबाई काविळीने गेली आणि चारेक महिन्यांत बकुळाबाईंचं पोट दुखायला लागलं.

सोनोग्राफी झाली, पोटात दुर्बीण घालून तपासणी झाली. जो तो डॉक्टर म्हणे, "तुम्हाला काही झालेलं नाही." शेवटी एकाने मानसोपचारवाल्या डॉ. तेजस्वी राजापूरकरांकडे पाठवलं. "वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला?" नवरा खंडू रिक्षातही कुरकुरत होता. पण डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं दुखणं खरं आहे." बकुळाबाईंना तिथेच रडू फुटलं. सहा महिन्यांच्या औषधांनी आणि बोलण्याने दुखणं निम्म्यावर आलं.

डॉक्टरबाई मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना माणसाचं मन आणि वागणं हा विषय शिकवत. एकदा त्यांनी विचारलं, "माझ्या वर्गात याल? मुलांना पेशंटशी बोलायला शिकायचंय."

"मी चौथी नापास बाय. मी काय शिकवणार?"

"फक्त उत्तरं द्या. नको वाटलं तर उठून जा."

वर्गात विनीत नावाचा मुलगा समोर बसला. कागदात बघत त्याने सगळे प्रश्न विचारले, फाइल चाळली आणि म्हणाला, "रिपोर्ट नॉर्मल आहेत. तुम्हाला काही झालेलं नाही."

बकुळाबाई पिशवी घेऊन उठल्या.

विनीत गोंधळला. "मॅडम, काय चुकलं?"

"त्यांनाच विचार," डॉक्टरबाई म्हणाल्या.

बकुळाबाई दारात थांबल्या. "काय नाय झालं तर मी दवाखाने कशाला फिरू रे?"

विनीतचा चेहरा उतरला. त्याने कागद बाजूला ठेवला. "चुकलं माझं. बसा ना. दुखायला लागतं तेव्हा तुम्ही काय करत असता?"

हे कुणीच विचारलं नव्हतं. त्या परत येऊन बसल्या. "शेजारच्या ओट्यावर आता दुसरी बाय बसते. तिनं गिऱ्हाईकाला साद घातली की दुखतं. तिचा काय दोष नाय. पण तो आवाज सोनूचा नाय ना."

मागच्या बाकावर डॉक्टरबाई भराभर लिहून घेत होत्या. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून दर वर्षी बकुळाबाई त्या वर्गात जातात. पोट अजून कधीमधी दुखतं. यंदा एका मुलीला त्यांनी मध्येच थांबवलं, "इचारतेस बरं, पण माझ्याकडे बघून इचार." मुलीने मान वर केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.