घड्याळाकडं, पान्याकडं

शिलाई मशीन दुरुस्त करायचे म्हणून त्यांना सगळे मशीनकाका म्हणत. आणि मशीनकाका आले म्हणजे मोटरसायकलच्या मागच्या सीटवर, मांडीवर हत्यारांची पेटी घेऊन बसलेल्या काकू आल्याच. बायकोला कामावर सोबत नेणारा कारागीर लोकांना गमतीचा वाटे. "काय काकू, लक्ष ठेवायला येता वाटतं?" असं गिऱ्हाईक बायका चिडवत. काकू हसून म्हणत, "मग काय! मोकळं सोडलं तर परत यायचे नाहीत." लोकांना तो विनोद वाटे. पण त्यात विनोद काही नव्हता. काकांना डावं-उजवं कळत नसे.

काकूंना हे लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत समजलं. त्या म्हणाल्या, "डावीकडं घ्या," आणि नवरोबांनी मोठ्या ऐटीत गाडी उजवीकडं घातली. पुढच्या चौकात पुन्हा तेच. पदरी हट्टी माणूस पडलाय, असं म्हणून काकूंनी तोंड फुगवलं. शेवटी एका भिंतीशी रस्ता संपला, तेव्हा काकांनी गाडी बंद केली आणि भिंतीकडं बघतच सांगून टाकलं, की शाळेत यावरून फार हसं झालंय, घोकून घोकून पाहिलं, पण ऐन वेळी डोक्यात गोंधळ होतो. "कुणाला सांगू नकोस," एवढंच ते शेवटी म्हणाले.

काकूंनी कुणाला सांगितलं नाही. पोटच्या पोरीलासुद्धा नाही. त्यांनी आपल्यापुरते दोन शब्द पाडले. ज्या हातात घड्याळ ते 'घड्याळाकडं', ज्या हातात पाना ते 'पान्याकडं'. या दोन शब्दांवर दोघांनी अख्खं शहर पालथं घातलं.

काय दिवस होते ते! संसारातली निम्मी भांडणं काकूंनी त्या पाठीशीच केली. नवऱ्याला मागं वळून बघता येत नाही, ही सोय घरात थोडीच असते? पोरीचं नाव ठरलं ते गाडीवर, घर बदलायचं ठरलं तेही गाडीवर. एकदा तर मागं बसल्या बसल्या काकूंचा डोळा लागला. कुणी वळ म्हणालं नाही म्हणून काका सरळ गेले, सरळच गेले, घरं संपली तरी गेले, आणि एका तळ्याच्या काठावर गाडी थांबली. "अहो, उठवायचं नाही का?" काकू ओरडल्या. "जिवावर आलं गं," काका म्हणाले. मग थर्मासमधला चहा पीत दोघं ऊन उतरेपर्यंत तिथंच बसले. त्या दिवशी एकही मशीन दुरुस्त झालं नाही. काकूंना इतका लख्ख दुसरा कुठलाच दिवस आठवत नाही.

पुढं काकूंच्या गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टरांनी गाडीवर बसणं साफ बंद केलं. काका ओळखीच्याच घरी तेवढे जाऊ लागले. अशात शहराबाहेरच्या नव्या वस्तीत कपडे शिवायचा कारखाना निघाला आणि तिथल्या सगळ्या मशीनचं काम काकांना सांगून आलं. काका गेले आणि तोंड पाडून परत आले. "कुलूप होतं," म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला, तो काकूंनीच उचलला. पलीकडून मालक विचारत होता, "काका येतायत ना? सकाळपासून वाट बघतोय. का दुसरा माणूस बघू?"

"उद्या येतात," काकू म्हणाल्या. नवऱ्याला त्यांनी काही विचारलं नाही. फक्त चहा पुढं ठेवून सांगितलं, "मोबाईलला होल्डर घ्यायचाय गाडीसाठी. मीही येते निवडायला. मी बसत नाही म्हटल्यावर काहीतरी बसवायला नको का?" बोलल्या हसतच, पण आपलं बोलणं आपल्यालाच लागलं.

दुसऱ्या दिवशी काका मोटरसायकलवर आणि काकू रिक्षानं, असे दोघं दुकानात पोचले. दुकानदारानं होल्डरांचा ढीग मांडला. आरशाच्या दांडीला लागणारा, चुंबकाचा, रबरी पट्ट्यांचा, चार कोपऱ्यांनी फोन घट्ट धरणारा. काका दारात गाडीपाशी उभे राहून उगाच आरसा पुसत होते. काकूंनी मुलीसाठी स्थळ बघावं तसं एकेक पारखलं. चुंबकाचा खड्ड्यात दगा देईल. आरशाचा फार कडेला जातो. "मधोमध, डोळ्यासमोर बसेल असा द्या."

"काकू, एवढं काय त्यात? कानात इअरफोन घालायचा. मॅपमधली बाई सांगते ना, डावीकडे वळा, उजवीकडे वळा!"

काकू गडबडल्या. "अहो, यांना... जरा कमी ऐकू येतं."

"मला चांगलं ऐकू येतं!" दारातून काका म्हणाले. हातातलं फडकं आरशाला अडकवून ते आत आले. "मला डावं-उजवं कळत नाही. आजवर ही मागं बसून सांगायची, म्हणून धंदा झाला. आता हिचा गुडघा बसू देत नाही."

उभा जन्म जपलेली गोष्ट त्यांनी भर दुकानात सांगितली. काकूंना कानकोंडं झालं, आणि त्याच वेळी ऊर भरून आला. दुकानदार हसला नाही. "मग बाण नीट दिसायला हवा," म्हणाला, आणि चार कोपऱ्यांचा होल्डर, खाली रबरी गादी घालून, स्वतः हँडलच्या मधोमध कसून दिला.

काका तिथूनच कारखान्याकडं निघाले. काकूंनी घरी जायचं ठरलं होतं. पण रिक्षात बसल्यावर त्यांच्या तोंडून निघालं, "त्या मोटरसायकलच्या मागं घ्या."

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "काकू, काही भानगड असेल तर सांगा, जरा अंतर ठेवून चालवतो."

"भानगड कसली? नवरा आहे माझा."

"तेच म्हणतोय मी."

काकू मान पुढं काढून बघत राहिल्या. ती पाठ त्यांनी आजवर नाकाला लागेल इतक्या जवळून पाहिली होती. लांबून ती लहान दिसत होती, जरा वाकलेलीही. मागची सीट रिकामी होती. पहिल्या वळणाला काका थबकले, खाली पाहिलं आणि बरोबर वळले. दुसऱ्या वळणाला थबकलेही नाहीत. नवी वस्ती आली, सगळ्या इमारती एकसारख्या, शेवटी एक फाटा. काकूंनी रिक्षाची दांडी घट्ट धरली.

काका नीट वळले आणि कारखान्याच्या फाटकाशी जाऊन थांबले. मालक लगबगीनं बाहेर आला. काकूंचा जीव भांड्यात पडला, डोळ्यांत पाणी आलं. रिक्षावाल्यानं विचारलं, "आता पुढं?" काकूंनी पदरानं डोळे टिपले. त्या शेवटच्या फाट्यावर, एकदाच, ते चुकावेत असं त्यांना अगदी मनापासून वाटलं होतं. ते चुकले नाहीत.