बेटावरचा मेन स्विच

बायकोच्या गुडघ्यांनी विमानाला नकार दिला, म्हणून नॉर्वेला मी एकटाच गेलो. जाताना तिने एकच काम सांगितलं होतं. "त्यांना घेऊन या." त्यांना म्हणजे आमची लेक, जावई आणि सात वर्षांची नात. लेक आणि जावई दोघं तिथल्या एका लहानशा बेटावर साल्मन मासे पाळायच्या धंद्यात नोकरीला आहेत. करार संपत आला होता. तिकडचे लोक तो वाढवायला तयार होते आणि इकडे रत्नागिरीत लेकीला शिकवायची नोकरी मिळत होती. मार्च संपायच्या आत तिला कळवायचं होतं. बायकोने आरे-वारेच्या रस्त्यावरच्या आमच्या घरात माडीवरची खोली रंगवून घेतली, नातीसाठी टेबल आणलं, खिडकीला पडदा शिवला. पडद्यावर मासे. म्हटलं, अगं, ती पोर मासे बघतच मोठी झाली, फुलं तरी घ्यायचीस. पण माझं ऐकतो कोण!

मी वीजखात्यातून निवृत्त झालो. आयुष्यभर खांबांवर चढलो आणि लोकांना सांगत राहिलो, बाबांनो, नको तेव्हा बटण बंद करा. घरातही तेच. "मी मोरीत असताना हे बाहेरून दिवा घालवतात," असं बायको पाहुण्यांना सांगते, ते खोटं नाही. आमच्या वाडीत घर बंद करायचं म्हणजे पहिलं काम मेन स्विच खाली. मुंबईवाले गणपती आटोपून निघताना किल्ल्या माझ्याकडे देतात आणि पनवेल यायच्या आत फोन करतात, "काका, मेन स्विच बघितलात ना?" उंदीर वायर कुरतडतो, कौलातून पाणी उतरतं, वीज पडते. बंद घरात करंट चालू ठेवणं म्हणजे आमच्याकडे निव्वळ बेफिकिरी.

फेरीबोटीतून बेट दिसलं तेव्हा मला आपला सडाच आठवला. नुसता कातळ, फक्त तांबडा नाही, करडा. मातीचा थर असा पातळ की पहार मारली तर दुसऱ्या फटक्याला दगड. झाडं जवळजवळ नाहीतच. एका टोकाला पांढरं चर्च, मध्ये एक दुकान, एक शाळा, आणि पाण्याच्या काठाला होड्या ठेवायच्या लाल लाकडी खोप्या. लाकडी मांडवांवर कॉड मासे शेपटीला शेपूट बांधून वाळत घातलेले. मीठ लावत नाहीत, थंडी आणि वारा एवढ्यावर काम भागतं. तो वास आला आणि मला एकदम रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात गेल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. जावई नाक दाबून चालतो. साल्मनपुढे आपला रावस काहीच नाही असंही तो म्हणतो. मी वाद घालत नाही, पण मला पटलेलं नाही.

बेटाची हकिकत लेकीने सांगितली. आपल्या तारलीसारखा हेरिंग नावाचा मासा एके काळी इथे एवढा यायचा की बंदरात होडीवरून होडीवर पाय ठेवत पलीकडे जाता येई. मग तो यायचा बंद झाला. माणसं आधी अमेरिकेला गेली, नंतर शहरांत गेली. युद्धात जर्मनांनी टेकडीवर काँक्रीटचा बंकर बांधला, त्यात आता मेंढ्या पावसात आडोशाला उभ्या राहतात. निम्म्याहून जास्त घरं बंद. जुलैत शहरातली लेकरंबाळं येतात, घरं रंगवतात, होड्या पाण्यात टाकतात, आणि ऑगस्टमध्ये परत जातात. मी म्हटलं, हे तर आपले चाकरमानीच की! गणपती तेवढे नाहीत.

शाळेत मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एक जरी कमी झालं तरी पुढल्या वर्षी शाळा बंद आणि बारक्या पोरांनी रोज फेरीने शेजारच्या बेटावर जायचं. म्हणजे मी कशाला आलोय ते बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं. पण एका माणसाने विचारलं नाही. आमच्या वाडीत असतं तर पहिल्याच दिवशी कुंपणाच्या गडग्यावरून हाक आली असती, "काय हो, लेकीला नेताय म्हणे?" ही माणसं हवेबद्दल बोलत. बोलून झालं की पुन्हा हवेबद्दल.

शेजारी एक म्हातारी राहायची. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती शहरातल्या वृद्धाश्रमात होती आणि तिच्या घराची किल्ली लेकीकडे होती. कुंड्यांना पाणी घालायचं काम होतं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी लेकीला वेळ नव्हता, म्हणून मी गेलो. बघतो तर खिडकीत टेबलावरचा दिवा चालू. दिवसाढवळ्या! प्रत्येक खोलीत हीटर गरम, आणि घरात चिटपाखरू नाही. माझे हात शिवशिवले. पॅसेजमध्ये बोर्ड सापडला. मेन स्विच खाली केला, कुंड्यांना पाणी घातलं आणि मोठं पुण्य केल्यासारखा परत येऊन चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानावरचा झेंडा अर्ध्यावर. थोड्या वेळाने शाळेवरचा. मग चर्चचा. कुणीतरी गेलं असणार, म्हणून मी टोपी काढून खिडकीत उभा राहिलो. तेवढ्यात लेक दुकानातून धावत आली. तिचे डोळे भरलेले.

"बाबा, शेजारच्या आजी गेल्या."

"अरेरे! फोन आला काय?"

"फोन कशाला हवा? खिडकीत दिवा नाही त्यांच्या."

मग तिने ती रीत सांगितली. या बेटावर घर रिकामं पडलं तरी मालक जिवंत आहे तोवर खिडकीतला दिवा घालवत नाहीत. तो गेला की घरचं माणूस येऊन घालवतं. काल संध्याकाळच्या फेरीने आलेल्यांनी अंधार पाहिला होता, आणि सकाळी दुकानदाराने झेंडा अर्ध्यावर आणला.

मी खाकरलो. "दिवा मी घालवला."

तिने विचारलं, "आणि हीटर?"

"मेन स्विचच खाली केला ना."

"बाबा! नळ फुटतील!"

ती तशीच पळाली, तिच्यामागे दुकानदार. त्या थंडीत हीटर बंद राहिला की नळातल्या पाण्याचं बर्फ होतं आणि पाइप चिरतो. नशीब माझं, पाइप शाबूत होते. मग दुकानदाराने वृद्धाश्रमात फोन लावला, तो म्हातारीनेच उचलला. ती एवढी हसली की पलीकडच्या खोलीत उभ्या माझ्या कानावर आलं. झेंडा वर करा म्हणाली, आणि कुंड्यांना पाणी घातलं की नाही ते आधी सांगा. तेवढं एक काम मी नीट केलं होतं.

संध्याकाळी दुकानदार ताटलीभर गोड वाफल घेऊन घरी आला. मी माफी मागितली. त्याने हात झटकला. फिकट डोळ्यांचा, आडव्या हाडाचा माणूस, बोलणं तोलूनमापून. तो बोलायचा आणि लेक मराठीत सांगायची. फेरी संध्याकाळी धक्क्याला लागायच्या आधी आम्ही सगळे दिवे बघतो, तो म्हणाला. चर्चजवळचा आहे, म्हातारीचा आहे, वळणावरचा आहे, मग तुमचा. एवढं बोलून तो माझ्या नातीच्या खिडकीकडे बघत राहिला. तिथे तिचा कागदाचा चांदणीचा दिवा लागलेला होता. मग त्याने कॉफी संपवली, टोपी घातली आणि गेला. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मला रागवता तरी आलं असतं.

तो गेल्यावर मी लेकीला सरळ म्हटलं, "चला घरी. आई वाट बघतेय. खोली रंगवलीय तिने."

"बाबा, वाडीत आता आहे कोण? तुम्ही सगळ्यांच्या किल्ल्या सांभाळता. इथे आम्ही निघालो तर शाळा बंद होते. आमच्यावाचून अडतं इथे."

मला भयंकर राग आला. "आमचं अडत नाही काय?"

तिने माझा हात धरला. "अडतं. माहितेय मला. पण मी राहणार आहे."

मी हात सोडवून घेतला नाही. दुसरं काय करणार होतो?

मार्चमध्ये परत आलो. बायको फाटकात उभी. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या मागे रिक्षात पाहिलं. मग पिशवी घेऊन आत गेली. पुढचे कितीतरी दिवस घरात "जेवायला बसा" आणि "पाणी आलंय" यापलीकडे शब्द नाही. कोणी विचारलं तर ती म्हणायची, "बघू, मे महिन्यात."

एकदा ती कुळीथ निवडत बसली होती. शांतता सोसवेना, म्हणून मी तिला मेन स्विचची गोष्ट सांगितली. ऐकून ती हसली, सूप बाजूला ठेवून हसली. "तुमच्या हातांना औषध नाही! जिवंत बाईला मारलीत!" मग डोळे पुसत म्हणाली, "आणि आता आहे दिवा?"

"म्हातारीच्या खिडकीत? आहे."

"आपल्या पोरीच्या?"

"आहे."

ती पुन्हा कुळीथ निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी मी रत्नागिरीहून बाजार घेऊन तिन्हीसांजेला परतलो. वळणावरूनच दिसलं, माडीवर उजेड, पडद्यावरचे मासे लख्ख. पिशवी ओटीवर टाकून मी तसाच वर गेलो आणि बटणावर बोट ठेवलं. खालून आवाज आला, "हात लावायचा नाही!"

मी खाली आलो. तेवढ्यात शेजारच्या वहिनी वाटीत ओल्या काजूंची उसळ घेऊन लगबगीने आल्या. "काय गो, लेक आली वाटतं? वर दिवा दिसला म्हणून म्हटलं, पोरीला आवडते."

बायकोने पदराला हात पुसले. "नाय गो. ती नाय यायची आता. तिकडेच राहणार ती."

हे ती तोवर कुणाला बोलली नव्हती. मलाही नाही.

वहिनी वाटी हातात धरून तशाच उभ्या. "मग वरती दिवा?"

"तो होय?" बायकोने वाटी घेतली. "आम्ही दोघं आहोत तोवर राहील तो."