टाळीपुरती जागा

भोपाळमधल्या आमच्या पिपलानीचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, निवडणूक हरले आणि रेडिओवर फर्माइशी गाणी लावू लागले. भाषणाची सवय मात्र सुटली नाही. दर वाक्यानंतर ते टाळ्यांसाठी थांबतात. स्टुडिओत टाळ्या कोण वाजवणार? ऐकणाऱ्याला वाटतं रेडिओ बंद पडला. आमचे शेजारी तर तेवढ्यात त्याला दोन चापट्या मारून घेतात.

परवा चालू कार्यक्रमात माझ्या बायकोने गाण्यासाठी फोन लावला आणि बोलता बोलता आठवडाभर नळाला पाणी नसल्याचं सांगून टाकलं. साहेब सवयीने म्हणाले, "चिंता मत कीजिए, कल सुबह पानी आ जाएगा." आणि थांबले.

सकाळी प्लंबरला घेऊन स्वतः दारात हजर. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तासभर पाइपशी झटले, तेव्हा नळ वाहू लागला.

ही हात धूत म्हणाली, "भाऊ, पार्षद होतात तेव्हा किती चकरा मारल्या मी. एकदाही आला नाहीत."

"वहिनी, तेव्हा तुम्ही एकट्याच ऐकत होतात. काल सगळं भोपाळ ऐकत होतं."

एवढं बोलून ते थांबले. हिने ओल्या हातांनीच टाळ्या वाजवल्या.