ओरिना घरी पोचली की नाही

इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावात सोफा मोडला की लोक नेव्हिल सग्डनकडे जातात. लहानपणी टीव्हीवर 'दूरची गस्त' लागली की तो घाबरून सोफ्यामागे लपायचा. तिथले खिळे आणि शिवण इतक्या जवळून बघितल्यामुळेच पुढे तो या धंद्यात पडला, असं त्याची बायको डोरीन सांगते. ती सांगते त्यातलं निम्मं सोडून द्यावं, पण हे उरलेल्या निम्म्यात बसतं.

'दूरची गस्त' ज्यांनी पाहिली नाही त्यांचं काही बिघडलं नाही, असं नेव्हिलसमोर बोलू नये. त्या मालिकेतलं जहाज सूर्यमालेच्या पार जायचं, पण दार जोरात लागलं की त्याची भिंत हलायची. ग्रह कुठलाही असो, गावामागच्या दगडाच्या खाणीसारखाच दिसायचा. राक्षसांच्या अंगाला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले असायचे. तरीही त्या जहाजावर ओरिना होती. यंत्रं सांभाळणारी, गालाला ग्रीस लागलेली, कॅप्टनला फटकन उलट बोलणारी ओरिना. शेवटच्या भागात ती एका छोट्या यानात बसून एकटी घरी निघाली. दार लागलं, भिंत हलली, आणि वाहिनीने मालिकाच बंद केली. ती पोचली की नाही, हे कोणी सांगितलंच नाही. शाळकरी नेव्हिलने मग आपल्यापुरतं ठरवून टाकलं, की पोचली. त्या विश्वासावर त्याने लग्न केलं, टक्कल पाडून घेतलं, पन्नाशी ओलांडली.

आणि आता, इतक्या वर्षांनी, त्या मालिकेवर नवी कादंबरी आली. मुखपृष्ठावर वाहिनीचा शिक्का, खाली मोठ्या अक्षरांत, 'ओरिनाचं पुढे काय झालं?'

गावात या मालिकेच्या वेड्यांचं एक मंडळ आहे. शनिवारी दुपारी पबच्या वरच्या खोलीत जमतं. नेव्हिल अध्यक्ष, कारण तिथल्या खुर्च्या त्याने फुकट शिवून दिल्या. नवं पुस्तक आलं की मंडळ मत घेतं, की यातलं खरंच घडलं असं धरायचं की नाही. एकदा हात वर झाले की झालं, मग साक्षात देव खाली उतरला तरी बदल नाही. हे नियम चिटणीस क्लाइव्ह बटरवर्थचे. क्लाइव्ह आयुष्यभर पाणीखात्यात मीटर वाचत होता, आणि निवृत्त झाल्यावर माणसांकडेही त्याच नजरेने बघतो. शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय मत नाही, हा त्याचा एक नियम. अध्यक्षाने मत दिलंच पाहिजे, हा दुसरा.

नेव्हिलने पुस्तक वाचलं. चहा गार करून वाचलं, जेवण लांबवून वाचलं. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं. तिथे आला की त्याला हटकून एखादं काम आठवायचं. शेजाऱ्यांचा धडधाकट सोफासुद्धा त्याने दुरुस्त करून टाकला. पावाच्या दुकानात दोघंजण त्या पुस्तकावर बोलताना दिसले, तर हा कानांत बोटं घालून पाव न घेताच घरी.

"एवढं काय घाबरतोस?" डोरीन म्हणाली. "कागदावरची बाई ती."

"मेली असली तर?"

"तर एक कप कमी विसळायचा. दे इकडे, मी वाचून दाखवते."

डोरीनला ती मालिका कधीच आवडली नव्हती. कॅप्टनला ती 'तो केस न विंचरलेला' म्हणायची. नेव्हिल एका खुर्चीला कापड ठोकत होता. ती स्टुलावर बसली, शेवटचं प्रकरण आधी मनातल्या मनात वाचून काढलं, चष्मा काढून पुसला, परत लावला. मग मोठ्याने वाचायला लागली.

"ओरिना घरी पोचली. दाराला कुलूप होतं, पण किल्ली कुंडीखाली होती. बहीण मागे कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, 'आलीस होय? बूट बाहेर काढ, आत्ताच फरशी पुसलीय.'"

नेव्हिलची हातोडी थांबली. 'दूरची गस्त'मध्ये कुंड्या नव्हत्या, फरशी नव्हती, आणि ओरिनाला बहीण तर नव्हतीच. बहीण होती डोरीनला, हॅलिफॅक्स गावात राहणारी, आणि ती दारात शिरणाऱ्या प्रत्येकाला हेच ऐकवायची.

"रडली का ती?" त्याने विचारलं.

डोरीनने पान उलटलं. "जराशी. मग भांडी घासली."

"बरं झालं," नेव्हिल म्हणाला, आणि खिळा ठोकला. पुस्तक त्याने पुन्हा उघडलं नाही.

शनिवारी डोरीन आल्याचा केक घेऊन वरच्या खोलीत आली. ती सभासद नव्हती, पण खुळ्यांनाही भूक लागते असं तिचं म्हणणं. क्लाइव्हने चष्म्यावरून सगळ्यांना न्याहाळलं.

"प्रत्येकाने शेवट थोडक्यात सांगायचा, म्हणजे वाचलंय हे कळेल. अध्यक्ष, तुमच्यापासून."

नेव्हिल उभा राहिला. "ओरिना घरी पोचली. किल्ली कुंडीखाली होती. बहिणीने बूट काढायला लावले. जराशी रडली, मग भांडी घासली. मला तरी शेवट पटला."

टॅक्सीवाल्या नदीमने केकचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, म्हणजे बोलायला नको. डोरीन चहाची किटली निरखत राहिली.

"कुंडी?" क्लाइव्हने पुस्तक उघडलं. "कुठली कुंडी? इथे तर ती तरफ ओढते आणि यानासकट जळून..."

"अरे क्लाइव्ह!" नदीम केकसकट ओरडला.

नेव्हिलची बोटं कानांपर्यंत पोचायला उशीर झाला. तो हळूच खाली बसला.

"मला अंदाज होताच," तो डोरीनला म्हणाला. "पण कोणी म्हणालं नव्हतं ना."

"शाबास रे बाबा," डोरीन क्लाइव्हला म्हणाली. "मीटरचा आकडा बरोबर आला का?"

क्लाइव्हचे कान लाल झाले. माणसाला धीर कसा द्यायचा, याचा नियम त्याने कधी केलाच नव्हता. म्हणून जमत होतं तेच त्याने केलं, पुन्हा पुस्तकात डोकं खुपसलं. एक ओळ वाचली. बोट ठेवून परत वाचली.

"उजव्या हाताने," तो म्हणाला.

"काय उजव्या हाताने?"

"तरफ ओढते म्हणे. ओरिना डावखुरी आहे."

नदीमने घास गिळला. "आहे की! कॅप्टनच्या थोबाडीत मारली ती डाव्याच हाताने."

"लिहिणाऱ्याची चूक असेल," मागून कोणीतरी म्हणालं.

क्लाइव्ह दुखावला. "वाहिनीचा शिक्का आहे वर! शिक्क्याचं पुस्तक चुकत नाही, हे मी किती वर्षं कंठशोष करून सांगतोय? पुस्तक बरोबर आहे. जळाली ती बाई उजव्या हाताची. म्हणजे ती आपली नव्हे, दुसरी कोणीतरी."

"नाव तर तेच आहे."

"नावाचं काय घेऊन बसलास! या गावात दगड मारला तर बटरवर्थला लागतो."

मत घेतलं. पुस्तक खरं, बाई दुसरी. नेव्हिलचा हात सगळ्यांत उशिरा वर गेला, पण सगळ्यांत उंच गेला.

क्लाइव्ह डोरीनकडे वळला. "सग्डनबाई, मग आपली ओरिना आहे कुठे?"

"घरी. सांगितलं ना याने."

"यानाचं दार बाहेरून बंद होतं. ती उतरली कशी?"

"खिडकीतून," डोरीन केक कापत म्हणाली.

"त्या यानाला खिडकी नाही!"

"स्वयंपाकघराला असेल. खिडकीशिवाय स्वयंपाकघर कोण बांधतं?"

नदीम म्हणाला, मुळात स्वयंपाकघरच नव्हतं. मागून आवाज आला, होतं, पडद्याच्या पलीकडे. सगळेच एकदम बोलायला लागले, तेव्हा नेव्हिलने चमच्याने कप वाजवला.

"शांत! यानाला स्वयंपाकघर होतं आणि त्याला खिडकी होती. मान्य असेल त्यांनी हात वर करा. डोरीन, तूसुद्धा."

"लेखकाला मत नसतं," क्लाइव्ह म्हणाला.

डोरीनने सुरीसकट हात वर केला. कोणी हरकत घेतली नाही.