तिवड्यागत उभी

टेम्पोतून भाताचा नवा पेंढा गेला आणि त्या वासानं मला विंझरच्या खळ्यावर नेलं. बास्केटबॉलचा डाव शाळेतल्या खेळाच्या बाईंनी तिथंच शिकवला होता. खळ्याच्या मधल्या खांबाला, तिवड्याला हात लावून म्हणाल्या, "बाहेरनं चेंडू आत आला की तू अशी उभी राहा. हलू नको. तुझ्याआडनं ही तुझी मैत्रीण मोकळी व्हईल अन् लांबनं टाकंल." भोरच्या सामन्यात शेवटी तसंच झालं. मैत्रिणीमागं धावणारी समोरच्या संघातली पोरगी माझ्यावर आदळली, आणि मैत्रिणीचा चेंडू उन्हात तरंगत तरंगत कडीतून उतरला. सगळ्या तिच्याकडे धावल्या. मी मात्र उभीच. मग ती आली, स्वतःच्या कपाळावरचं ओघळलेलं कुंकू माझ्या कपाळाला लावून हसली, "मळणी झाली की तिवड्याला लावत्यात न्हवं? हल की आता!" टेम्पो गेल्यावर माझा हात कपाळाकडे गेला, आणि बोट लाल झालंय का ते मी बघितलं.