आधी नावं

कपाट आवरताना जुन्या फ्लॉप्यांचा डबा उघडला आणि त्या कोंदट प्लॅस्टिकच्या वासाने मला किळस आली. नव्वदच्या दशकात सावेडीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही चौघे, नोकऱ्या सांभाळून, फुकट एक प्रोग्राम लिहीत होतो. रक्तगट टाकला की शहरातल्या रक्तदात्यांचे पत्ते मिळावेत म्हणून. मी म्हणत होतो, आधी शोध नीट चालू द्या. क्लासचे सर म्हणाले, "आधी पडद्यावर आपली नावं फिरू द्या. उद्घाटनाला पाहुणे काय बघणार?" हात वर करून मतं घेतली, सर जिंकले. उद्घाटनाला पेढे वाटले, टाळ्या झाल्या. दुसऱ्याच दिवशी शेवगावकडचा एक माणूस धापा टाकत आला. "बायको दवाखान्यात हाय, बी निगेटिव्ह रगत पायजे. बघा की लवकर!" पडद्यावर आमची नावं मिरवणुकीसारखी सावकाश सरकली आणि मग शोध अडकला तो अडकलाच. त्याने विचारलं, "आत्ता नावं गेली, त्यातलं कुनी हाय का?" दात्यांच्या यादीत आमच्यापैकी एकाचंही नाव नव्हतं. तो तसाच निघून गेला. सरांना मी वर्षानुवर्षं शिव्या घालत आलोय. पण मतं घेतली तेव्हा सरांच्या बाजूने माझाही हात वर होता. माझं नाव दुसऱ्या नंबरवर टाकतो म्हणाले होते.